कॉलेजचे पहिले वर्ष : कृष्णाकाठचा दीडशे वर्षांचा धडा

बारावीचा निकाल लागल्यापासून प्रवेशाची मुदत संपेपर्यंतचे दिवस घराघरांत घालमेलीचे असतात. दाखले गोळा करायचे, फीची जुळवाजुळव करायची, आणि त्याच धावपळीत मुलाने वा मुलीने पुढे काय शिकायचे तेही ठरवायचे. अलीकडे या धावपळीत काही नवे शब्द आले आहेत. 'मेजर कोणता घ्यायचा?', 'मायनर म्हणजे काय?', 'श्रेयांक किती?' असे प्रश्न, ज्या आईवडिलांनी कॉलेजची पायरी कधी चढली नाही, त्यांच्याही तोंडी ऐकू येतात.

मलकापुरासारख्या गावी तर या प्रश्नाला अनेक वाटा फुटतात. कोयनेच्या अलीकडे मलकापूर, पलीकडे कराड, मधून पुणे-बंगळूर महामार्ग. मलकापुरातच कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विज्ञान महाविद्यालय आहे, कला व वाणिज्य शाखांचीही सोय आहे. एस.टी.ने तासा-दोन तासांत सातारा, सांगली आणि कोल्हापूर गाठता येते. एवढी दारे उघडी असताना निवड सोपी व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात ती अधिक अवघड झाली आहे असे अनेक पालक सांगतात. याचे कारण शोधण्यासाठी आपल्याच परिसराचा इतिहास थोडा चाळून पाहावा, असे आम्हांस वाटले.

टेंभूचा विद्यार्थी

कराड तालुक्यात कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे गाव आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी होती. शिक्षण कराडात सुरू झाले, पण पुढची सोय तेथे नव्हती. कराडच्या मामलेदार कचेरीत त्यांनी काही काळ कारकुनी केली. शिकण्यासाठी ते रत्नागिरीस गेले, तेथेही जम बसला नाही. अखेर अकोल्यास जाऊन १८७५ साली ते मॅट्रिक झाले आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. कराड ते पुणे हे अंतर त्यांना रत्नागिरी आणि अकोल्याचा वळसा घालून पार करावे लागले.

कॉलेजात त्यांच्याजवळ एकच सदरा होता आणि तो रात्री धुऊन वाळत घालून सकाळी पुन्हा अंगात घालावा लागे, ही हकिकत महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. ते १८७८ साली बी.ए. आणि पुढे एम.ए. झाले. पदवी हातात येण्याच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी धरील अशी आशा धरू नये, पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून तो आपले आयुष्य लोकांच्या कामी लावणार आहे, असा त्या पत्राचा आशय होता. या माणसाने पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले.

आगरकरांच्या काळात 'विषय कोणता घ्यावा' या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. कॉलेजपर्यंत पोहोचणे हाच खरा प्रश्न होता. मुंबई परिसरातील कॅथलिक घरांना १८६९ पासून येशूसंघाचे सेंट झेवियर्स कॉलेज जवळ होते. सातारा जिल्ह्यातील मुलाला, मग तो कोणत्याही धर्माचा वा जातीचा असो, पुण्याची वा मुंबईची वाट धरल्यावाचून गत्यंतर नव्हते. ही वाट परवडणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असत.

विषय कोण ठरवीत असे?

जे पोहोचत, त्यांच्यासाठी विषय बहुतेक आधीच ठरलेले असत. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी होत. इंग्रजी, गणित आणि संस्कृत वा लॅटिनसारखी एखादी अभिजात भाषा हा अभ्यासाचा कणा असे. सुरुवातीच्या काही वर्षांत देशी भाषांना विद्यापीठाच्या परीक्षांत जागा होती. १८६० नंतरच्या दशकात ती काढून घेण्यात आली. ज्या भाषेत विद्यार्थी स्वप्ने पाहत असे, ती त्याच्या पदवीच्या अभ्यासातून बाहेर गेली. मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९०१ साली एम.ए.च्या परीक्षेत ती आली. त्याच वर्षी रानडे यांचे निधन झाले. आज एखादी मुलगी प्रवेश अर्जात सहजपणे 'मराठी' या विषयापुढे खूण करते, त्या खुणेमागे सुमारे चाळीस वर्षांचा झगडा आहे.

मुलींची स्थिती याहून बिकट होती. नाशिकला एका ख्रिस्ती घरात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले आणि १८८८ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या वर्गात मिळविली. त्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर होत. इंग्लंडला जाण्यासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती मात्र त्यांना नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. मित्रमंडळींच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि तेथे कायद्याचा अभ्यास केला. पुढे १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. तेथे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवण्यात आले, आणि घर व आरोग्य यांच्याशी निगडित विषयांनाही स्थान मिळाले. मुलींना वेगळा अभ्यासक्रम असावा की मुलांचाच असावा, यावर तेव्हा बराच वाद झाला. त्या वादातील काही सूर आजही घरोघर ऐकू येतात. 'मुलीने सोपे काहीतरी घ्यावे' हा सल्ला त्याचाच अवशेष होय.

कराडहून कोल्हापूर

आगरकरांनंतर साठेक वर्षांनी कराडचाच दुसरा एक विद्यार्थी कॉलेजच्या दाराशी उभा राहिला. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. वडील लवकर गेले. आई विठाबाईंनी कष्टाने मुले वाढविली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगवास भोगला, आणि त्यामुळे मॅट्रिक होण्यास त्यांना १९३४ साल उजाडले.

तोवर परिस्थितीत एक बदल झाला होता. सांगलीत १९१९ साली विलिंग्डन कॉलेज निघाले होते. ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढले, म्हणजे जिच्या उभारणीत टेंभूच्या आगरकरांचा वाटा होता त्याच संस्थेने. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होते. यशवंतरावांनी कोल्हापूर निवडले. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य इतिहासकार डॉ. बाळकृष्ण होते आणि प्राध्यापकांत कादंबरीकार ना. सी. फडके होते. यशवंतरावांनी इतिहास आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन १९३८ साली बी.ए. केले, नंतर पुण्यास कायद्याची पदवी घेतली आणि कराडात वकिली सुरू केली. तुरुंगात राजकारण्यांच्या सहवासात वाढलेल्या त्यांच्या जिज्ञासेला हे विषय जुळणारे होते. आम्हांला यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी वाटते. त्यांची निवड गुणपत्रिकेवरून झालेली दिसत नाही. आधी जगण्यात प्रश्न पडले, मग त्या प्रश्नांना उत्तरे देणारा विषय शोधला गेला.

हेच यशवंतराव पुढे मुख्यमंत्री झाल्यावर आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांसाठी फीच्या सवलतीची योजना आली. 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे त्यानंतरच्या दोन पिढ्यांच्या परिचयाची आहेत.

कॉलेज गावाजवळ आले

विद्यार्थ्याने कॉलेजकडे जाण्याऐवजी कॉलेजच विद्यार्थ्याकडे आणावे, हा विचार ज्यांनी कृतीत आणला ते कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेची स्थापना त्यांनी १९१९ साली केली, तीही कराड तालुक्यातील काले या गावी. मलकापुरातील आजचे अनेक विद्यार्थी या गावावरून नित्य ये-जा करतात, पण तेथे काय घडले याची आठवण थोड्यांनाच असते. १९२४ साली संस्था साताऱ्यास गेली आणि तेथे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि हातांनी काम करीत. मुलांच्या जेवणाची तजवीज होईना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 'कमवा आणि शिका' हे त्याचे सूत्र होते. विद्यार्थी शेतात राबत, बांधकामावर काम करीत आणि त्या श्रमातून आपला खर्च भागवीत. १९५४ साली कराडात सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. ज्या संताने कधी शाळेचे तोंड पाहिले नाही, पण भांडी मोडा आणि मुलांना शिकवा असे कीर्तनाकीर्तनांतून सांगितले, त्याच्या हयातीतच हे नाव कॉलेजला दिले गेले. आगरकरांना जो वळसा घालावा लागला, तो अशा रीतीने सुमारे ऐंशी वर्षांनी संपला. १९६० साली कराडात अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे विद्यापीठाच्या कामासाठी पुण्याकडे पाहण्याचीही गरज उरली नाही. मलकापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १९८४ साली.

या सर्वांतून ध्यानात येते ते असे की, विषयांची निवड ही कधीच केवळ आवडीची बाब नव्हती. ती ऐपतीची, अंतराची, जातीची आणि लिंगाची बाब होती. यांतील एकेक अडसर कोणीतरी स्वतः किंमत मोजून दूर केला, तेव्हा कोठे 'आवड' हा शब्द सामान्य घरात उच्चारता येऊ लागला.

निवडीचे दोन टप्पे

महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, तेव्हा नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली झाली. पूर्वी अकरावीची शालान्त परीक्षा दिलेला विद्यार्थी थेट कॉलेजच्या पहिल्या वर्गात बसे. आता मध्ये ज्युनिअर कॉलेज आले आणि निवडीचे दोन टप्पे झाले. शाखा दहावीनंतर आणि अभ्यासक्रम बारावीनंतर. जीवशास्त्र ठेवायचे की गणित, हे पंधरा-सोळाव्या वर्षी ठरू लागले. एकदा जीवशास्त्र सोडले की दारातल्या वैद्यकीय महाविद्यालयाचीही वाट बंद होत असे. त्यातच व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षा आल्या. मग शाखा ही आवडीपेक्षा टक्केवारीवरून ठरविण्याची रीत पडली. जास्त गुण म्हणजे विज्ञान, कमी गुण म्हणजे कला, असे एक अलिखित कोष्टक घरोघरी तयार झाले. आगरकर आणि यशवंतराव या दोघांनीही इतिहासाचा अभ्यास केला होता, हे त्या कोष्टकाच्या कर्त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत त्यानुसार पहिले वर्ष २०२४-२५ पासून सुरू झाले. यात एका सत्राला साधारण २२ व वर्षाला ४४ श्रेयांक असतात. तासिकेच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे सुमारे १५ तासांचे अध्यापन. विद्यार्थी मुख्य विषय घेतो, त्याच्या जोडीला दुय्यम विषय घेतो, आणि आपल्या शाखेबाहेरचा एखादा खुला ऐच्छिक विषयही घेतो. शिवाय भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांचे श्रेयांक असतात. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकून दुसऱ्या वर्षी त्यांतून मुख्य विषय ठरविण्याची मुभा आहे. पदवी तीन वर्षांत घेता येते, किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. एखाद्याला पहिल्या वर्षानंतर थांबावे लागले, तर ठरावीक कौशल्य-श्रेयांक पूर्ण करून त्याला प्रमाणपत्र मिळते आणि मिळविलेले श्रेयांक पुढे उपयोगी पडतात.

ज्या विद्यापीठाने एके काळी मराठीलाही दार बंद केले होते, त्याच परंपरेत आज विज्ञानाची विद्यार्थिनी इतिहासाचा आणि वाणिज्याचा विद्यार्थी मानसशास्त्राचा अभ्यास करू शकतो. हा फार मोठा पल्ला आहे. पण येथेच एक धोका आम्हांस दिसतो. अर्ज संगणकावर भरला जातो. पालकांना त्यातील शब्द परके असतात. मुलगा रांगेत उभा असतो, मुदत संपत आलेली असते, आणि अर्ज भरून देणारा अनोळखी माणूस 'हाच विषय सगळे घेतात' असे म्हणून खूण करून मोकळा होतो. ज्या निवडीसाठी दीडशे वर्षे खर्ची पडली, ती अर्ध्या मिनिटात परक्याच्या बोटाने होते. सुशिक्षित घरातील मुलाला हे टाळता येते, कारण विचारायला घरात कोणी असते. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या घरातील मुलाला ते टाळता येत नाही. जुना अडसर असा नव्या रूपात परत येतो.

तयारी कशाची?

यावर उपाय कोणता? आम्हांला वाटते, तो याच इतिहासात आहे.

पहिली तयारी शरीराची. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील आपले पहिले वर्ष मुख्यतः व्यायामात घालविले आणि किरकोळ प्रकृती कमावून घेतली. अभ्यासात त्याची किंमत त्यांना मोजावी लागली, म्हणून त्यांचे अनुकरण तंतोतंत करावे असे आम्ही म्हणणार नाही. पण गाव सोडून वसतिगृहात जाणाऱ्या मुलामुलींनी वेळेवर झोपणे, नीट जेवणे आणि रोज चालणे-धावणे ही सवय घरूनच नेली पाहिजे.

दुसरी तयारी साधनांची. दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, फीच्या सवलती यांची चौकशी निकालाच्या आधी करावी. राज्य शासनाने २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांतील व उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले आहे. अशी सोय केवळ माहितीअभावी हातची जाणे हे लक्ष्मीबाईंच्या त्यागाला शोभणारे नाही.

तिसरी तयारी शिक्षकांच्या शोधाची. विषयाचे नाव पाहून भुलू नये. त्या विषयाचा तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम मागून घ्यावा आणि सावकाश वाचावा. आपण निवडलेल्या कॉलेजात तो विषय खरोखर शिकविला जातो काय, शिकविणारे पूर्णवेळ आहेत काय, प्रयोगशाळा व ग्रंथालय कसे आहे, हे तेथे शिकणाऱ्या मुलांना विचारावे. मुख्य विषय आपल्या मनातील प्रश्नांना जुळणारा असावा, दुय्यम विषय त्याला हातभार लावणारा असावा, आणि खुला विषय आपली खिडकी उघडणारा असावा.

चौथी तयारी श्रमाची. सत्रपद्धतीत पहिली परीक्षा काही महिन्यांतच दाराशी येते आणि अंतर्गत गुण रोजच्या कामावर मिळतात. शेवटच्या महिन्यात रात्री जागून भरपाई होत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी सुटीतच रोज दोन पाने इंग्रजी वाचण्याचा परिपाठ ठेवावा, आणि मराठी वाचन सोडू नये. 'कमवा आणि शिका' योजनेत काम करण्यास कोणी लाजू नये. त्या मार्गाने शिकलेली माणसे प्राचार्य झाली, कुलगुरूही झाली.

आणि पाचवी तयारी मुलांची नाही, आपली आहे. आपल्या धर्मग्रामात शिक्षक, परिचारिका, अभियंते, बँकेतील कर्मचारी आणि कॉलेजात शिकणारी मोठी मुले असतात. निकालानंतरच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर यांपैकी चार जण तासभर सभागृहात बसले, विद्यापीठाचा अभ्यासक्रम समोर ठेवला आणि ज्या घरात विचारायला कोणी नाही त्या घरातील मुलांचे अर्ज त्यांच्याबरोबर वाचले, तर त्याला पैसा लागणार नाही. भाऊरावांनी काले येथे सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळही याहून फार काही नव्हते.

निर्णय मात्र अखेर मुलाचा वा मुलीचा असावा. आपण समजावून सांगावे, अडचणी दाखवाव्यात, ऐपतही मोकळेपणाने सांगावी, आणि मग अर्जावरची खूण त्यांनाच करू द्यावी. टेंभूच्या त्या विद्यार्थ्याने आईला न दुखविता, पण आडपडदा न ठेवता, आपला मार्ग कळविला होता. आपल्या मुलांना असे पत्र लिहिण्याची वेळ न येता समोर बसून बोलता यावे, एवढे मोकळे घर त्यांना देणे आपल्या हाती आहे.